अंधाराच्या आत

दवाखान्यातल्या औषधांच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या आणि शर्टावर रंगाचे डाग पडलेला एक माणूस.

"भाऊजी, यांची केमो होऊन चार दिवस नाही झाले. तासाभरात फिरवून आणतो म्हणालात आणि अंधार पडल्यावर आणलंत. इकडे माझा जीव टांगणीला!"

"चुकलंच वहिनी. पण तो जंगलातून निघेचना."

"काय करत होते एवढा वेळ?"

"मी म्हटलं, डोळे मीट, पाखरं ऐक. तर हा एकेका झाडाला कवेत घेत सुटला. मला वाटलं, निरोप घेतोय."

"अगं बाई!"

"जवळ गेलो तर माप घेतोय! म्हणे, यातून दोन दारं निघतील. ते वाकडं, त्याची नुसती स्टुलं."

"आजारी पडल्यापासून लाकडाचं नाव काढलं नव्हतं हो त्यांनी."

"मग एका कोवळ्या झाडापाशी बसला. म्हणाला, हे अजून कच्चं आहे. दहा वर्षांनी येऊन बघू."

"दहा वर्षांनी?"

"दहा."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, वहिनींना विचारतो."

"जा म्हणावं. पण तेव्हा तरी अंधाराच्या आत घरी या."