हातभर दोर

(गुरुवार, सकाळचे अकरा. नदीकाठच्या शाळेची पडवी; तहसिलातून आलेला सुदर्शन हर्षदाची जबानी वाचतोय.)

सुदर्शन : मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी साकव वाहून गेला. एवढं पक्कं?

हर्षदा : पक्कं, भाऊसाहेब. मी मोबाइलमध्ये बघितलं. तीनला बाबांना हाक मारली, पाणी चढतंय, या म्हटलं. भाताच्या आवणीला गेलेली बाकी सगळी माणसं अलीकडं आली होती. बाबा म्हणाले, शेतावरच्या गोठ्यातले बैल घेऊन येतो. तेवढ्यात साकव गेला.

सुदर्शन : म्हणजे तेव्हा पुंजादादा नदीच्या पलीकडे.

हर्षदा : पलीकडंच. मग त्यांचं पानांचं इरलं पाण्यातून येताना दिसलं. तेच मी लिहून दिलंय.

कमू : इरलं दिसलं तिला. माणूस नाय दिसला.

हर्षदा : आये, डोक्यावरचं इरलं वाहून येतं म्हणजे...

कमू : डोक्यावर घेऊन गोठ्यात शिरता येतं का? दारातच अडकतं. बाहेर ठेवतो तो. दर पावसात ठेवतो.

सुदर्शन : मावशी, जरा ऐका. सकाळी सातला जव्हारहून निघालो, वाटेत दरड होती, आत्ता अकराला पोचतोय. शोधपथक एकच आहे. नऊ माणसं, एक बोट. काल पूर्ण दिवस आणि आज सकाळभर ते नदीनं खाली शोधतायत. असे ढग राहिले तर संध्याकाळी सहाच्या आत दिसेनासं होईल. आता बंधाऱ्यापर्यंत उतरू का, असं विचारतायत. त्यांना हो म्हणू?

कमू : नको म्हणा.

सुदर्शन : नको?

कमू : खाली नाय तो. वर हाय. पलीकडच्या माळावर.

हर्षदा : सकाळपासून हेच चाललंय तिचं. काजळ्या आला तेव्हापासून.

सुदर्शन : काजळ्या कोण?

हर्षदा : आमचा बैल. जोडीतला एक. आज पहाटे पाणी जरा उतरलं, तर खाली उथळ जागा आहे तिथून पोहत आला. दोर तोडून.

कमू : तोडून नाय, तोडून नाय! किती वेळा सांगू? हा बघा, भाऊसाहेब, गळ्यातला काढून ठेवलाय. टोकाला हात लावा.

सुदर्शन : कापलाय.

कमू : कोयत्यानं. एका घावात. तुटला असता तर झिपऱ्या सुटल्या असत्या.

हर्षदा : कापला. मान्य. म्हणजे बाबा गोठ्यापर्यंत पोचले. पुढचं दोर कसा सांगेल?

कमू : सांगतोय की. बारावी शिकलीस आणि तुला हे वाचता येत नाय? भाऊसाहेब, पाणी अंगावर येतंय, बैल सोडायचाय. तुमी कुठं कापाल?

सुदर्शन : मी? खुंट्यापाशी. हाताला लागेल तिथं.

कमू : तर! मंग चार हात दोर बैलाच्या मागं फरफटत जातो. झुडपात अडकतो, बैल तिथंच मरतो. हा किती हाय? हातभर. जनावर रानात मोकळं सोडायचं असलं की तो असाच हातभर ठेवतो. धरायला पुरतो, अडकत नाय. पाण्यात उभा असलेला माणूस हात मोजत बसत नाय. त्याला वेळ होता. आणि वेळ होता तर तो नदीकडं कशाला येईल?

सुदर्शन : दुसरा बैल कुठाय?

कमू : मोऱ्या? तोच तर. मोऱ्या मागच्या पायानं लंगडा. त्याला पोहता येणार नाय. धड होता तो सोडून दिला, लंगडा होता त्याला घेऊन वर गेला.

हर्षदा : आणि आम्ही इकडं? आमचं काय ते काहीच नाही त्यांना?

कमू : तू अलीकडं कोरड्यावर उभी होतीस. तुला बघूनच गेला ना तो?

सुदर्शन : माळावर नेमकं कुठं, मावशी? माळ काय लहान आहे?

कमू : खडकाची कपार हाय एक. पोरपणी गुरं राखायला जायचा, पाऊस आला की तिथं बसायचा. त्याचे चुलीचे तीन दगड अजून हायत. लगीन झालं तेव्हा मला दाखवायला घेऊन गेलता. दुसऱ्यांचे नवरे मोखाड्याचा बाजार दाखवतात. आमच्या नशिबी तीन दगड.

सुदर्शन : दोन दिवसांत तिथून धूर तरी दिसला?

कमू : या ढगात आपला हात दिसत नाय आपल्याला. पण जाळ करील तो. काड्यापेटी प्लास्टिकात बांधून कनवटीला ठेवतो, बिडीसाठी. तीस वर्षं त्या बिडीला शिव्या घातल्या मी. परवापासून तिलाच म्हणते, बाई, पेटी तेवढी कोरडी राहू दे.

सुदर्शन : अडचण सांगतो. साकव नाही, पाणी परत चढलंय, धारेत बोट आडवी नेता येत नाही. माळावर जायचं तर मोखाड्याकडून वळसा. पाच-साडेपाच तास. म्हणजे खालचा शोध आज बंद. दोन्हीकडे नाही होणार.

हर्षदा : आणि बाबा खालीच असले तर? कुठल्या झाडाला धरून हाका मारत असले तर? दोन दिवस मला तेच ऐकू येतंय, आये. पंपाचा आवाज आला तरी मी उठून बघते.

कमू : मला नाय येत ऐकू? पण तो हाका मारणारा नाय. तुझ्या लग्नाची बोलणी मोडली तेव्हा तोंडातून शब्द काढला का? माळावर जाऊन बसला. रातीला आला, म्हणाला, भाकर वाढ.

हर्षदा : तेव्हापण तिथंच गेले होते?

कमू : मंग कुठं?

हर्षदा : मला म्हणाले होते, गवत आणायला गेलतो.

कमू : गवत आणलं होतं का?

हर्षदा : नाही.

सुदर्शन : मला फोन करायचाय, हर्षदा. सगळे खाली गेले ते तुझ्या जबानीवरून. बदलायची तर तूच बदल. मावशींचं म्हणणं मला पटतंय, पण मी काही पाहिलेलं नाही.

हर्षदा : मी इरलं पाहिलं. आये म्हणते ते बरोबर आहे, इरलंच पाहिलं. तसंच लिहा. वर पाठवा त्यांना.

सुदर्शन : नक्की? उद्या काही निघालं...

हर्षदा : तर माझ्या नावावर लिहा.

सुदर्शन : तसा रकाना नसतो गं. थांब, लावतो फोन.

(पाच वाजून चाळीस मिनिटं. शाळेची तीच पडवी. पाऊस चालू आहे.)

सुदर्शन : हॅलो... हां, बोला... येतंय, तुटक येतंय. मावशी, कपार सापडली. पाच पंचवीसला पोचले.

कमू : हाय?

सुदर्शन : नाही. माणूस नाही. बैलही नाही.

हर्षदा : आये, बस खाली. बस.

कमू : मी बरी हाय. दगड हायत का विचारा.

सुदर्शन : तीन दगड आहेत. राख आहे. बाजूला शेण पडलंय, ओलं.

हर्षदा : राख जुनी पण असेल. गुराखी बसतात तिथं.

कमू : राखेत हात घालायला सांगा.

सुदर्शन : हॅलो, राखेत हात घालून बघा... हो, राखेत. काय? मावशी, गरम आहे म्हणतात.

कमू : वरून झाकलीय का?

सुदर्शन : वरची राख ओढून घेतलीय, त्यावर पान, पानावर चपटा दगड.

कमू : मंग परत येणार हाय. नायतर कशाला जपून ठेवील? मोऱ्याला चारायला नेला असेल. दोन दिवस उपाशी जनावर.

हर्षदा : निखारा सगळेच झाकतात, आये. दुसरं कोणी असेल.

कमू : असेल. ज्यानं झाकलाय तो येईल. मंग कळेल कोण ते.

सुदर्शन : त्यांना अंधाराआधी उतरायचंय. विचारतायत, थांबायचं का.

हर्षदा : थांबा म्हणा, भाऊसाहेब. मी सांगते म्हणून सांगा.

कमू : आणि निखाऱ्यावर दोन काटक्या टाका म्हणावं. कपारीत सुक्या असतात मागच्या बाजूला, तो ठेवतो. जाळ दिसला की त्याला कळेल, कोणीतरी आलंय.

सुदर्शन : हॅलो... काटक्या टाका त्यावर. मागच्या बाजूला असतील... आहेत? बरं.

कमू : काय म्हणतात?

सुदर्शन : थांबा... टाकल्या. पेटतायत म्हणे.