गिरजामायचा आड

ऐका. जरा सरकून बसा, आणि हुंकार देत राहा. तुम्ही गप्प झालात की मलाच भ्या वाटतं.

जेवणं उरकली आणि कौतिका घरातनं निघाली. खांद्यावर खोरं, हातात बॅटरी. कुठं? तर बागेला पाणी द्यायला! हसू नका. शहराच्या कडेला ती पत्र्याच्या घरांची वस्ती आहे ना, तिथल्या बायकांनी मोकळ्या जागेत मिळून बाग केली होती. मेथी, वांगी, घेवडा. सगळ्यांत मिळून एक बोअर. लाइट यायची रात्रीची. लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हायची, पण या वाफ्यातनं त्या वाफ्यात पाणी फिरवायला माणूस लागतंच की. त्या रात्री पाळी कौतिकाची.

"नको जाऊ," नवरा म्हणाला, भानुदास. "आडाची वाट हाय. रातचं नको."

"मेथीनं माना टाकल्यात. आज पाणी नाही मिळालं तर उद्या उपटून टाकायची का?"

गेली.

आता हा आड कुणाचा, ते ऐका. बागेच्या अलीकडं जुनी वाडी होती. बागेत बोअर मारली, जमिनीतलं पाणी खाली खाली गेलं, वाडीचा आड आटला. माणसं उठून गेली. मागं राहिली एकटी गिरजामाय. म्हातारी घागर घेऊन बागेच्या फाटकाशी यायची. "घागरभर दे गं बाय." आधी देत होत्या. मग बोअरच आचके द्यायला लागली. बाग जगवायची का म्हातारी, असं तोंडानं कुणी म्हणालं नाही, बरं का! पण फाटकाला आतनं कडी लागली. ती कडी लावणारा हात कौतिकाचा. गिरजामाय मग वाटीनं पाणी खरवडायला आडात उतरली. दगड निसटला. वर आली ती चौघांच्या हातांवर.

तर कौतिका आडापाशी पोचली. कुर्र... कुर्र... रहाट वाजला! आणि रहाटाला दोर कुठाय? दोर तर कधीच कुजून गेलेला! कौतिकानं पाऊल उचललं. मागं चप्, चप्, चप्. ओल्या पायांनी कुणी चालावं तसं. बॅटरी फिरवली. कुणी नाही. पण वाटेच्या धुळीत ओली पावलं! तिच्या टाचेपर्यंत आलेली!

पळाली. पळता पळता बागेचं कुंपण दिसलं, हायसं वाटलं, हात लावायला गेली तर काय? पुढ्यात आड! पुन्हा पळाली. पुन्हा आड! चकवा, दुसरं काय? बॅटरी विझली. आणि आतनं हाक आली. कुणाची? भानुदासाची!

"कौते! पाणी लागलं गं! लवकर ये!"

नवरा तर घरी. ती घरी सोडून आली त्याला. पण पाणी लागलं म्हटल्यावर, सांगा, माणूस थांबतंय? वाकली. आड काठोकाठ भरलेला! थंडगार वारा तोंडावर आला. तिनं ओंजळ पुढं केली, तोच पाण्यातनं हात आला. बर्फागत. मनगट धरलं.

"घागरभर दे गं बाय."

"माय, सोड! चुकलं माझं! रोज देईन!"

"रोज? कुठनं देशील?"

आणि ओढली! कंबरेपर्यंत आत गेली कौतिका. एवढ्यात लाइट आली. बागेत मोटर सुरू झाली, पण रोजच्यासारखी नाही. घरघर नाही, पाण्याची धार नाही. नुसती कोरडी किंचाळली! त्या आवाजासरशी मनगटावरची पकड ढिली झाली. आतनं कुणी हसलं का रडलं, ते कौतिकाला आजतागायत सांगता येत नाही. तिनं रहाटाचा खांब कवटाळला. बघते तर खाली पाणी कुठलं! काळंकुट्ट कोरडं भोक, आणि एक पाय त्यात लोंबतोय.

कशीबशी वर आली. बागेत जाऊन मोटर बंद केली. पाइपातनं नुसती गरम हवा आली. मग तीही थांबली.

पुढं काय? मेथी गेली, वांगी गेली. बायकांनी बोअरची गाडी बोलावून आणखी खोल बोअर मारली. दगडाची पांढरी भुकटी उडाली नुसती, उरल्यासुरल्या घेवड्यावर बसली. कौतिकानं टँकरच्या पाण्याची घागर नेऊन आडाच्या काठावर ठेवली, कपाळ टेकलं. सकाळी घागर रिकामी. तिला वाटलं, माय शांत झाली. रात्री रहाट पुन्हा वाजला. तिनं पुन्हा घागर नेली. पुन्हा वाजला. मग टँकरही यायचा बंद झाला, आणि वस्तीतली घरं एकेक करून कुलपं लावून गेली. कौतिका सगळ्यांत शेवटी गेली.

म्हणून सांगतो पोरांनो, त्या वाटेला पाय ठेवू नका. दिवसाढवळ्याही नको. आणि कधी चुकून गेलातच, पाणी खळाळलेलं ऐकू आलं, तर कान झाका आणि पळत सुटा. कितीही तहान लागू द्या. तिथं थेंब उरलेला नाही, तुम्हालाही नाही न् तिलाही नाही.