शिंदेकाकांची निर्दोष तलवार

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या शिंदेकाकांना सांगून काही उपयोग नसतो, यार. तीस वर्षं गाड्यांच्या पार्ट्समधल्या चिरा शोधून रिटायर झाले, आता जुन्या जपानी तलवारी जमवतात. नुकतीच घेतलेली तलवार परत करायची मुदत नेमकी दसऱ्याला संपत होती, आणि त्याच दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते.

"नीट बघितलीत ना?" मी विचारलं.

"मला शिकवतेस? धारेला आडवी चीर असली की तलवार बाद. ही निर्दोष आहे. भिंगातून पाहिलंय."

तेवढ्यात काकूंनी शस्त्रपूजा म्हणून पात्याला ओलं कुंकू लावलं.

"अगं, गंजेल ना!" काकांनी ओरडत ते घाईघाईने पुसलं. सगळं कुंकू निघालं, धारेवर केसाएवढी लाल रेघ तेवढी राहिली. आडवी.

काकांनी ती परत घासून पुसली. निघेना.

काकू म्हणाल्या, "बाकीच्या चार पण आणा बाहेर. कुंकू भरपूर आहे."