दांडा निजला

बसा रं. बसा म्हणतो न्हवं! भानुदास, पिशवी ठेव खाली. राजाराम, तूबी टेक. यष्टी चुकली तर चुकली. आभाळ कोसळलं न्हाई. तुमच्या वरच्या हॉटेलवाल्याला सकाळी म्हणावं, आबानं धरून ठेवलं. आत्ता रातचं जुन्या वाटेनं थोरमाथ्याला निघणार म्हणता? दोघंच? ऐका मग. आधी ऐका, आन् मग जायाचं तर जावा.

ते वर थोरमाथ्याचं दिवं दिसत्यात बघा, डोंगराच्या कडंला. हितनं खळ्यावरनं दिसत्यात तसंच आमच्या आयेलाबी दिसायचं. तवा इतकं नव्हतं, धा-पंधरा असतील. चैत निघाला की वर हवा खाणारी मानसं यायची. खालनं वर सडक झाली नव्हती. मग ज्येला चालवत न्हाई त्येला डोलीतनं न्ह्यायचं. कोन न्ह्यायचं? आम्ही! मी आन् माझा थोरला भाऊ, केरबादादा. सबंध उन्हाळा ह्योच धंदा. डोली म्हंजी काय लई नव्हं. एक लांब बांबू, त्याला दांडा म्हणायचं. त्याला घोंगड्याची झोळी. झोळीत मानूस. एक खांदा पुढं, एक मागं.

मागच्याला वाट दिसत न्हाई बरं का. त्येच्या म्होरं झोळी. म्हणून पुढचा सांगत जायचा. पुढचा म्हणायचा, "पायरी!" मागच्यानं म्हणायचं, "आली!" "खड्डा!" "आला!" "मोकळं!" "चाल!" असं बोलत बोलत डोंगर चढायचा. पुढच्याच्या शब्दावर मागच्याचा जीव!

आमच्या चुलत्यानं धंदा शिकवला. त्येनं दोन गोष्टी सांगितल्या हुत्या. पयली, जित्या मानसाची डोली असंल तर दमल्यावर खांदा बदला, डाव्याचा उजवा करा, पर टोकं बदलू नगा. पुढचा मागं, मागचा पुढं, हे कवा करत्यात? तिरडी इसाव्याला टेकवल्यावर. ते मेल्याला करायचं.

दुसरी गोष्ट आजारी मानसाची. वर दवाखान्याला न्हेताना कुनी वाटंतच जायाचं. मग मागच्यानं मोठ्यानं सांगायचं न्हाई. बरूबर घरची मानसं असत्यात, त्यांनी कड्यावर हंबरडा फोडला तर आनखी एक खाली जायाचा. मागच्यानं एवढंच म्हणायचं, "दांडा निजला." पुढच्याला कळायचं.

मागच्याला कसं कळायचं म्हणता? अरं, खांद्याला कळतं! झोळीतल्या मानसाचा श्वास दांड्यात उतरतो. बारीक. वर, खाली. वर, खाली. सवय झाली की आपल्या श्वासासारखा वाटतो. तो थांबला की दांडा निजला.

तर आमची आये. दम्याची. छाती सारखी वाजायची. जल्मभर करवंदं तोडून पाट्या भरभरून वर धाडल्या, पर थोरमाथा बघितला न्हाई. तिन्हीसांजा अंगनात बसून दिवं बघायची. एक दिस म्हणाली, "पोरांनो, लोकांच्या आया रोज वर न्हेता. मला न्ह्याल का रं एकदा?"

असं काळजाला लागलं की काय सांगू! आमच्या ध्यानातच आलं नव्हतं कवा.

दिसा ऊन पेलायचं न्हाई तिला. म्हणून रातचं निघालो. अवस दोन दिसांवर, काळाकुट्ट अंधार. दादाच्या हातात कंदील द्यावा तर दादा मागं. चढाला समदं वजन मागच्यावर येतं, म्हणून थोरला मागं र्‍हायला, मी पुढं. कंदील माझ्याच हातात. आये खुशीत. "शिरप्या, वर बर्फ मिळतो म्हणं?" "मिळतो की!" "तांबड्या पाण्यातला?" "तांबड्यातला!" खोकायची, हसायची, परत विचारायची.

निम्मी चढन झाली आन् दादाचा दम गेला. दिसभरात दोन खेपा केल्या हुत्या त्येनं. "शिरपा, टेकव. टेकव लेका." म्होरं चपटा दगड हुता, कमरंएवढा. झोळी ठेवायला बेस.

आता खरं सांगतो. दगड कुटला ते मला ठावं हुतं. मधल्या वाडीच्या तिरडीचा इसावा तो. तिथं टेकून मग खाली ढवऱ्याच्या ओढ्याला, मसणात, न्हेत्यात. आन् त्या दगडाची गोष्टबी ठावं हुती. लई वरसांमागं, असाच चैत. वाडीतला एक म्हातारा गेला. तिरडी दगडावर टेकवली. मडक्यातल्या इस्तवाचा धूर वर गेला. वर कड्याला आग्यामोहोळ! उठलं की हो! मानसं तिरडी टाकून पळाली, एक न्हाई थांबला. दुसऱ्या दिशी आली तर तिरडी मोडल्याली. म्हातारा न्हाई. लांडग्यांनी न्हेला म्हणायचं, गप बसायचं. पर इसाव्यावरनं त्येला परत कुनी उचलला न्हाई. टेकवला, तो टेकवलाच.

एवढं ठावं असून मी गप र्‍हायलो. दादाची छाती भात्यावानी चाललेली. म्हटलं, घटकाभर काय हुतंय!

आयेला झोळीसकट दगडावर ठेवली. बाजूला झऱ्याची धार हुती, तिथं आम्ही दोघं पानी प्यालो. त्वांड धुतलं. दादा म्हणाला, "माझा खांदा सुजलाय. तू मागं ये." आन् मी हो म्हणालो! टोकं बदलली! चुलता मरून दोन वरसं झाली नव्हती आन् त्येचा शब्द इसरलो.

झोळीत आये घोंगडं वढून बसलेली. "आये, बरं हाय न्हवं?" "हूं." उचलली. कंदील दादाकडं. निघालो.

"पायरी!" "आली!" "खड्डा!" "आला!"

धा पावलं गेलो नसू, कंदील इझला. वारा न्हाई, काय न्हाई. दादा म्हणाला, "असू दे, वाट पाठ हाय." मग वास आला. आधी गुलालाचा. मग गोवरीच्या धुराचा. रानात गुलाल कुटनं? 

मग खांद्याला कळलं.

दांडा गप हुता.

पुन्ना बघितलं. खांदा दाबून बघितलं. वर न्हाई, खाली न्हाई.  आये गेली. आमच्या डोलीत, आमच्या खांद्यावर, थोरमाथा बघायच्या आदीच गेली! डोळ्यांतनं पानी.  कसंबसं म्हणालो, "आये गं?"

आन् झोळी बोलली. "चला रं. थांबू नगा. लई येळ झाला."

आवाज आयेचा! पर ऐका, आये दोन शब्दांमागं एकदा खोकायची. ही सलग बोलली. आन् बोलताना दांडा हलला न्हाई. श्वास न्हाई, आन् बोलतिया!

म्होरनं दादा म्हणाला, "पायरी!" मी त्वांड उघडायच्या आत झोळीतनं आलं, "आली!"

दादाला वाटलं मीच. त्यो चालतोय. "खड्डा!" "आला!" "मोकळं!" "चाल!" समदं झोळीतनं.  आन् वजन वाढाय लागलं. आमची आये म्हंजी करवंदाची पाटी. हे एका गड्याचं वजन. मग दोघांचं. आन् वाट उतराय लागली. आरं, चढनीची वाट ती, उतरंल कशी? ओढ्याचा आवाज जवळ येतोय. ओढ्यावरचा ढवऱ्याचा कडा तिकडंच, खाली सरळ दरी!

तेवढ्यात मागनं, लांबनं, हाक. "शिरप्याऽऽ! केरबाऽऽ! अरं मला टाकून कुटं निघाला रं!"

दादा थबकला. झोळी लगीच म्हणाली, "मागं बघू नगा पोरांनो. रानात हाका मारनारं असतंय. ती मी न्हवं." गोड! लई गोड आवाज!

दादा म्हणाला, "आये म्हणती ते खरं. चकवा हाय त्यो. चल शिरपा."

आता काय करायचं? मोठ्यानं सांगावं तर झोळी ऐकतिया. तेवढ्यात मागची हाक खोकली. खोकली रं! छाती वाजली. मला जल्माचा आवाज तो, दम लागलेला. मग म्या त्वांड उघडलं. हळू म्हणालो, "दादा. दांडा निजला."

दादाचं पाऊल डगमगलं. हुंदका आला त्येला. त्येला वाटलं आये गेली. मी फुडं म्हणालो, "दांडा निजलाय दादा. आन् डोली बोलतिया."

 मग दादाचं सबंध अंग कापल्यालं मला दांड्यातनं कळलं.

मोठा भाऊ कशाला असतो ते त्या राती कळलं. त्येनं दांडा टाकला न्हाई. टाकला असता तर ते तिथंच आमच्या अंगावर र्‍हायलं असतं. म्हणाला, "फीर. जागंवर फीर. जिथं बदललं तिथंच उलटायचं." फिरलो. आता मी म्होरं, त्यो मागं, त्वांड वरच्या दगडाकडं.

मग काय ते बोलाय लागलं! आधी आयेच्या आवाजात रडलं. मग बापयाच्या आवाजात. "कुटं न्हेताय रं? पुढं चला. पुढं! किती वरसं वाट बघू?" दांडा असा जड की गुडघं जमिनीला टेकत्यात. कानाशी गुंऽऽ असा आवाज, हजार माश्यांचा. मी डोळं मिटलं आन् वरडलो, "पायरी!" मागनं दादा, माझा दादा, रडत वरडला, "आली!" झोळीतनंबी "आली!" आम्ही दोघं त्येच्यापरीस मोठ्यानं. "पायरी!" "आली!" "पायरी!" "आली!"

दगड हाताला लागला. झोळी टेकवली. दादा म्हणाला, "बाबा, तुला न्ह्यायला तुझी मानसं न्हाई आली. आम्ही तुझी न्हवं. वाट सोड." आन् आम्ही टोकं बदलली. परत फिरलो, आन् घरनं निघताना हुतो तसा मी म्होरं, त्यो मागं. तोंडं वरच्या वाटंला.

घोंगडं सपाट झालं. आत कोन न्हाई. दादानं कंदील परत पेटवून घोंगडं झटकलं, तर वंजळभर माश्या पडल्या. मेलेल्या, वाळलेल्या आग्यामाश्या.

आन् दगडामागं आये बसलेली. धापा टाकत. "मुडद्यांनो! जरा झुडपाआड गेली तर मला टाकून निघाला व्हय रं!" दोघांनाबी एकेक थापड दिली. दादा तिच्या पायावर पडून ल्हान पोरागत रडला.

तिला परत झोळीत घातली. दांडा खांद्यावर घेतला. वर, खाली. वर, खाली. छाती वाजतिया, दांडा थरथरतोय. त्यो श्वास मी थोरमाथ्यापातुर खांद्यानं मोजत गेलो.

उजाडताना पोचलो. आयेनं तांबडा बर्फ खाल्ला, ओठ तांबडं झालं. मग कड्यावर नेऊन बसवली. खाली बघत र्‍हायली लई येळ. म्हणाली, "त्यो ठिपका आपलं गाव? एवढ्याशात जल्म गेला व्हय माझा!" आन् हसली.

पुढं पाच वरसांनी ती गेली. तिरडीला मागं मीच हुतो. इसाव्यावरनं उचलली आन् सवयीनं दादा म्हणाला, "पायरी." मी म्हणालो, "आली." दांडा निजलेला हुता. पर त्यो आमच्या आयेचा हुता, मला भ्या वाटलं न्हाई.

त्या दगडावर मातर अजून कोनतरी हाय. त्यो वाईट न्हाई रं. कुनाचं वाकडं करायचं त्येच्या मनात न्हाई. त्येला निस्तं कुनीतरी उचलून न्ह्यावं, ओढ्यापातुर. आता डोल्या र्‍हायल्या न्हाईत, कोन उचलनार त्येला? म्हणून सांगतो, त्या वाटंला रातचं जाऊ नगा. दमला म्हणून टेकू नगा. मागं हाक आली तर खोकला ऐका.

काय भानुदास? दोघं हाय म्हणून भ्या न्हाई म्हणतोस?

आरं लेका, त्येला दोनच खांदं लागत्यात.