चौथ्या ओळीत एक अक्षर जास्त

—अवं बस, नूतन, बस. रडायला काय झालं? कविता चांगलीच आहे. नववीतल्या पोरीला अष्टाक्षरी जमणं म्हणजे गंमत नाही—मी संस्थेचा अध्यक्ष आत्ता झालो, आधी याच शाळेत जन्मभर मराठी शिकवलंय, मला कळतं. नानांना म्हणून दाखव पुन्हा. नाही म्हणत? बरं, मीच म्हणतो. 'वाजे दार, वाजे दार, आत केळ्यांचा अंधार, वाजे दार, वाजे दार'—वा! आठ-आठ अक्षरं, यमक चोख. आणि मग चौथी ओळ? 'बाप आत, कडी बाहेर.' मोज बोटांवर. नऊ! अन् दारला बाहेर, हे काय यमक झालं? कानाला टोचतं. उद्या गॅदरिंगला बठ्ठं असोदा, सगळं गाव समोर बसणार, अन् तू माईकवर हे म्हणणार? लोकांना वाटेल, आमच्याच केळी पिकवायच्या वखारीचं चाललंय. कडी बाहेरून होती, हे तुला कोणी सांगितलं गं?

बरं, राहू दे. त्यापेक्षा 'झोपी गेला बाप गार' कर. बघ, आठ अक्षरं, यमक जुळलं, अन् खरंही तेच. तुझा बाप लोटन पिऊन आत झोपला अन् झोपेतच गेला, पंचनाम्यातही तसंच आहे. मान का हलवतेस? पीत नव्हता? नसेल. पण तुझ्या आईला शाळेत खिचडी शिजवायला कोणी लावलं? मीच ना? कुंदाबाई कधी एका शब्दानं बोलली नाही मला. शहाणी बाई. तूही शहाणी हो.

अन् हे 'वाजे दार' चारदा घेतलंस—घे, हरकत नाही, पुनरावृत्तीनंच भीती उभी राहते. पण लय चारही वेळा एकसारखी ठेवलीस ना, तिथं फसलीस. दार असं वाजत नाही, पोरी. आधी धडाधडा वाजतं, नाव घेऊन हाका येतात—नाना, ओ नाना—मग थांबून थांबून, मग नुसती बोटं, अगदी खाली, उंबऱ्याजवळ—

नाही... म्हणजे... केळी पिकवायचा गॅस सोडलेला होता ना गं. दार उघडलं असतं तर बठ्ठा माल कच्चा राहिला असता. मला वाटलं, थोडा वेळ काय होतंय...

अशी बघू नकोस माझ्याकडे. जा. वर्गात जा.

अन् ते दार—लावू नकोस. उघडंच राहू दे.