दुसऱ्याच्या इंजिनाला पाना

…धक्, धक्, धक् — आन् मग जरा थांबून, दम खाल्ल्यावानी, चवथा. धक्. असा आवाज व्हता त्याचा, जावईबापू. भीमेच्या पुलावर आलं की इकडं दौंडाला शेडात ऐकू यायचं. बाकीची इंजिनं सगळी सारखी वाजायची, हे एकच लंगडत यायचं. कंपनीच्या टायमाची गोष्ट हाय ही, इंग्रज व्हता तवाची. ते इंजिन भंगारात गेलं, मी रिटायर झालो, पर कान काय रिटायर व्हत न्हाईत. — बसा ना, उभे का? ती पिशवी खाली नगं, इथं बाजंवर ठेवा. काय हाय त्यात ते ठावं हाय मला. तुम्ही फाटकातनं आत आला तवाच पिशवीच्या फुगाऱ्यावरनं वळखलं. सोपाननं पाठवलं ना तुम्हाला? व्हय. मग सासऱ्याला स्वतःला यायला काय झालं? — गुडघा. बरं. गुडघे आमचे सगळ्यांचेच गेलेत, इंजिनावर चढून उतरून. पर काल बाजारात तर हिंडत व्हता मेथीची जुडी घेऊन. मी बघितलं. त्यानं बी मला बघितलं, आन् मेथी निवडायला लागला उभ्या उभ्या.

हुसेनबी, चहा ठेव गं. सोपानचे जावई आलेत, शिरूरचे. — न्हाई, न्हाई, चहा घेतल्याबिगर कसं जाल? तुमचं लई कौतुक हाय मला. खरं सांगतो. तुमच्या गावाला रूळ न्हाई, ठेसन न्हाई, आन् सायकलीच्या दुकानात बसून तुम्ही आमच्यावानी हातात मावणारं इंजिन करता. दिवाळीला आणलं व्हतं ते — सायकलीच्या छऱ्यांवर चाकं बसवल्यालं — लालमहंमद म्हणला, ह्याला घंटी बी लावा, शिरूरच्या रस्त्यावर पळंल. राग आला असंल तुम्हाला. त्यो शिंपी हाय, त्याची जीभ कात्रीवानीच चालायची. माझ्या इंजिनाला म्हणला व्हता, हे इंजिन हाय का हुसेनबीचा बंब. पर तुम्ही पोपटरावाशी बोलत व्हता तवा त्यानं तुमचं चाक नुसतं बोटानं फिरवून कानापाशी धरलं व्हतं, किती वेळ. ते तुम्ही बघितलं न्हाई. मी बघितलं.

तुम्हाला आमची रीत ठावं हाय का पुरती? सोपाननं सांगितली असंलच. तरी सांगतो. बाजाराच्या दिवशी आम्ही पोपटरावाच्या अंगणात जमतो — जमायचो — आपापली इंजिनं घेऊन. पिंपाच्या पट्ट्यांचे रूळ हायेत तिथं, लिंबाभोवती गोल टाकल्याले. चालवायचं, बघायचं, हसायचं. आन् घरी जाताना आपलं इंजिन आपण न्यायचं न्हाई. दुसऱ्याचं न्यायचं. का म्हंजी — आपल्या लेकराची खोड आपल्याला दिसती का? दुसऱ्यानं आठवडाभर चालवायचं, तेल घालायचं, पुसायचं, आन् पुढल्या बाजारी चारचौघांत खोट सांगायची. नुसती सांगायची, जावईबापू. दुरुस्त करायची न्हाई. दुसऱ्याच्या इंजिनाला पाना लावायचा न्हाई, ही एकच आमची अट. पोपटरावाचं इंजिन बघितलंय ना? दिसायला नवरीवानी, आन् दोन डबे जोडले की जागचं हलत न्हाई. त्याची खोट सगळ्यांना ठावं हाय. मी स्वतः ते दोनदा घरी आणलं, एक खिळा कमी केला असता तर पळालं असतं. न्हाई केला. त्याला सांगितलं. त्यो म्हणला, बघू. अजून बघतोयच. त्याचं इंजिन हाय, त्यानं बघावं.

काढा बाहेर. काढा, मला बघू तरी द्या. … हां. पुसलंय चांगलं. सोपानचा हात पुसायला चांगला, पहिल्यापासनं. — रॉकेलच्या डब्याचा पत्रा हाय हा, बॉयलर तांब्याच्या नळीचा, आन् चाकं मी मातीच्या साच्यात पितळ ओतून केली. डोळे अधू झालेत तरी केलं. सगळं जमलं, पर तो चवथा ठोका जमंना. म्हंजी लंगडा ठोका मुद्दाम करायचा व्हता मला. आमचं जुनं जसं वाजायचं तसं. कितीदा खोललं आन् जोडलं, इचारू नका. कधी लईच लंगडायचं, बघवायचं न्हाई, कधी अगदी शहाण्यावानी सरळ. एक दिवस असाच बसून फिरवत व्हतो, आन् ही चुलीपासनं म्हणली, तुमचं जुनं आलं वाटतं. वर मान बी न करता म्हणली. तवा मी पाना ठेवला खाली.

थांबा, पेटवून दाखवतो तुम्हाला. स्पिरिट हाय थोडं. पाणी तापायला येळ लागंल, तवर चहा व्हईल. — तर त्या बाजारी चिठ्ठ्या टाकल्या आन् माझं इंजिन सोपानकडं गेलं. मला बरं वाटलं. म्हणलं, सगळ्यांत त्यालाच कळंल. बाकीच्यांनी ते जुनं ऐकल्यालंच न्हाई — पोपटराव सोलापुराकडनं बदलून आलेत, लालमहंमद कुरकुंभचा, कपडे शिवणारा माणूस. ज्यांनी ऐकलं ते आता राहिलेत कोण? मी आन् सोपान. त्यो घरी नेईल, पेटवंल, आन् चवथा ठोका पडला की — काय करंल? हसंल बहुतेक. मालनवहिनींना हाक मारून ऐकवंल. असं सगळं मी मनात करत बसलो व्हतो आठवडाभर. पोराचा निकाल लागायचा असतो तसा. पुढल्या बाजारी त्यो आला न्हाई. त्याच्या पुढल्या बी न्हाई. मग आला.

वाफ आली बघा. आता सोडतो. ऐका. … ऐकताय ना?

धक् धक् धक् धक्. धक् धक् धक् धक्.

कसं चाललंय? झ्याक चाललंय. शिवणयंत्रावानी. तुम्ही मान हलवताय, बरोबर हाय, तुम्ही कारागीर हाय, तुम्हाला बरंच वाटणार. सगळ्यांना बरं वाटलं. पोपटरावानं तर मांडीवर थाप मारली. आन् सोपान उभा राहिला सगळ्यांत, असा, कमरेवर हात ठेवून, आन् माझ्याकडं बोट करून म्हणला, मीराचा हात आता कापतो. व्हॉल्व चुकल्याला व्हता त्याचा, मी नीट बसवला. — मी म्हणलं, सोपान, आपलं लंगडत व्हतं की. हळूच म्हणलं. तर म्हणतो, कोण? आपलं? आपलं इंजिन कधी लंगडत न्हवतं. तुझ्या कानाला झालंय काहीतरी. मी तसाच उठून घरी आलो, इंजिन तिथंच ऱ्हायलं.

न्हाई, तुम्ही म्हणताय ते खरं हाय. छोटीच गोष्ट हाय. पाना लावला तर लावला, भल्यासाठीच लावला, परत पाठवलं ना. दोन म्हाताऱ्यांनी खेळण्यावरनं बोलणं सोडायचं म्हंजी लोक हसतील. हसतातच. लालमहंमद परवा ह्या फाटकातनं ओरडून गेला, मीरासाहेब, रुसलेल्या जावयाला आणायला सासरा जातो, तुमच्याकडं कोणी जायचं? — आता जावईच आला, बघा. बरं, फिरवून पहिल्यावानी करा म्हणता. करीन की. पाना हाय, इंजिन हाय, अर्ध्या दिवसाचं काम. मी परत लंगडं करीन आन् बाजारी नेईन, आन् मग? लालमहंमद इचारणार, चांगलं चाललेलं का बिघडवलं? का लंगडत व्हतं तुमचं जुनं? काय सांगू मी त्याला, सोपान समोर बसल्याला असताना?

…काय म्हणला सोपान?

परत बोला. — त्या जुन्या इंजिनात पाणी माझ्या हातनं जास्त भरलं गेलं व्हतं. म्हणून बिघडलं. असं सांगितलं त्यानं तुम्हाला? कवा? … घरात सगळ्यांना ठावं हाय. तुमच्या शेवंताला बी. लहानपणापासनं. "मीरामामाच्या हातनं एकदा चूक झाली, पर बाबांनी सांभाळून घेतलं." — असं.

थांबा, हे बंद करतो. डोक्यात वाजतंय.

सांभाळून घेतलं, म्हणतो. — बघा जावईबापू, तुम्ही कारागीर हाय, तुम्हाला एकदा सांगितलं की कळंल. इंजिन उभं राहिलं की शिलेंडर गार पडतो. गार शिलेंडरात वाफ गेली की तिचं पाणी व्हतं. म्हणून निघायच्या आधी खालचे कॉक, म्हंजी तोट्या, उघडायच्या, पाणी फुर्र करून बाहेर जाऊ द्यायचं, आन् मग वाफ द्यायची. त्या कॉकचा दांडा कुणाच्या बाजूला असतो? डायवरच्या. सोपान डायवर, मी कोळसा-पाणी बघणारा फायरमन; फायरमननं तिथं हात लावायचाच न्हाई. आम्ही काष्टीला लई येळ उभे व्हतो, मेल जाऊ द्यायची व्हती. घरनं सांगावा आला व्हता सोपानला, पोरगी झाली. शेवंता. तेवढ्यात सिग्नल पडला. त्याचं ध्यानच न्हवतं हो, माणूस हाय, पहिली पोरगी, त्यो निस्ता हसत व्हता माझ्याकडं बघून — आन् हसत हसत वाफ दिली. कॉक तसेच बंद. मी म्हणलं, सोपान, पाणी — तवर झालं. पाणी दबत न्हाई कुणाला. शिलेंडरचं झाकण फुटलं, चाकाला जोडल्याला दांडा वाकला, आन् आम्ही दोघं तिथं उभे.

त्याच संध्याकाळी त्यो इथं आला व्हता. ह्याच बाजंवर बसला, तुम्ही बसलाय तिथंच. म्हणला, मीरा, मला काढून टाकतील, घरात बाळंतीण हाय. तू म्हण बॉयलरात पाणी जास्त झालं व्हतं, ते वाफेसंगं पुढं शिलेंडरात गेलं. फायरमनला दंड करतील आन् मिटंल. — मी साहेबापुढं तसंच म्हणलो. दंड झालाच न्हाई. निस्तं मला कधी डायवर केलं न्हाई. माझ्या मागनं लागल्याली पोरं डायवर झाली, आन् मी त्यांच्या हाताखाली कोळसा मारला.

राग धरला न्हाई मी. हुसेनबीला इचारा. का न्हाई धरला सांगू? इंजिन दुरुस्त होऊन आलं ते लंगडत आलं. पुढं कितीतरी दिवस आम्ही दोघंच असायचो त्याच्यावर. आन् सुटताना, गाडी हळू असायची तवा, चवथा ठोका पडला की सोपान माझ्याकडं बघायचा. बोलायचा न्हाई. निस्ता बघायचा, आन् मग पुढं बघायचा. रोज. मला तेवढं पुरं व्हतं, जावईबापू. पुढं त्यो मेलवर गेला, पगडीवाला डायवर झाला, लोक त्याला रामराम घालायचे, तरी मला वाटायचं, ह्याला ठावं हाय ना. मला ठावं आन् ह्याला ठावं. मग तिसऱ्याला कशाला? म्हणून तर केलं मी हे तसं. त्याला टोचावं म्हणून न्हाई. आता आम्ही दोघं बी थकलो, म्हणलं, एकदा त्यो ठोका पडावा आन् एकदा सोपाननं माझ्याकडं बघावं. बस. — आन् त्यानं पाना घेतला आन् तेवढंच काढून टाकलं. आख्ख्या इंजिनात तेवढंच. आन् वर म्हणतो हात कापतो. आन् घरात पोरीला शिकवून ठेवलंय की —

…तुम्ही खाली का बघायला लागला?

मी काय बोललो मघापासनं? ऱ्हाऊ द्या. ऱ्हाऊ द्या ते, जावईबापू. म्हाताऱ्याचं तोंड हाय, सुटलं की सुटलं. इतकी वर्षं झाली, मला तरी कुठं नीट आठवतंय. पाणी मीच जास्त भरलं असंल. भरलंच असंल. काष्टीचं पाणी तसं — न्हाई, ते सोडा. शेवंताला बोलू नका हं ह्यातलं काही. तिला उगीच वाटंल तिच्या जन्माच्या पायी — तसं काही न्हाई. तिला नाक टोचलं तवा माझ्या मांडीवर बसली व्हती ती, ठावं हाय? बापाच्या मांडीवर बसंना. आन् सोपान चांगला माणूस हाय. तुमच्यापुढं तर लई चांगला हाय, तुम्हाला त्यानंच शिकवलं सगळं, तुम्ही त्याला मानता. माना. मानायलाच पायजे. त्याला म्हणा — काय म्हणा बरं? म्हणा मीरा येतो म्हणला बाजारी. इंजिन हाय तसंच आणीन. कोण काय इचारणार न्हाई मग.

उठलात का? चहा झालाय की. हुसेनबी, आण गं लवकर.

तसं न्हाई, हे इंजिन न्यायचं का ठेवायचं ते तरी सांगून जा. — जावईबापू. दौंडातनं आता लगेच येष्टी न्हाई शिरूरची, उन्हात कुठं उभे राहता. — मारुतराव. अहो, निस्तं व्हय म्हणा. शेवंताला सांगणार न्हाई एवढं म्हणा.

मारुतराव.

…

ऱ्हाऊ दे हुसेनबी. गेले ते.