तिसऱ्या इंजेक्टरखालचा पैसा

— नाही जी काकाजी, लाथ मारून टायर काही बोलत नसते. आल्यापासून चारही बाजूनं मारून झाली तुमची, काय सांगितलं त्यानं? काही नाही न? मंग बसा इथं डब्यावर. डबा उलटा करून बसा, नाही तं त्या पांढऱ्याफट धोतराले डिझेलचा असा गोल लागन, का घरी काकू विचारन, भिलाईले ट्रक पाहाले गेलते का लोळाले? बाबा? बाबा मरोद्याले गेला, सभा आहे तिथं. चार माणसं अन् एक सतरंजी दिसली का चंपत बाबा उभा राहून बोलतेच. येईन. तंवर मी आहो न. मी कोण? त्याचाच पोट्टा, मॅट्रिकच्या आधी शाळा सोडलेला — हे तुमाले त्यानं सांगितलंच असन. ट्रकचे चाकं किती आहेत ते तो मांगून सांगते, हे आधी सांगते.

तं काय म्हणत होते तुमी — घ्यावा का नाही घ्यावा? मले विचारता तं नका घेऊ. काळा धूर मारते, पावर हाउसच्या बजारातून गेला का भाजीवाल्या बाया तोंडावर पदर घेऊन माझ्या सात पिढ्या उद्धरते. चढावावर दमते. सकाळी सुरू व्हाले नखरे करते, लग्नात रुसलेल्या जवायासारखा — दोघंतिघं मांगून धक्का मारतीन तेव्हा कुठं खोकलन. तुमची वीटभट्टी गोंदियाकडे, हो न? मधात डोंगरगडचा चढाव आहे. तिथं विटा उतरवून बैलबंडीत भरा लागतीन, अन् बैल तुमच्याकडे पाहून हासतीन. हासता काय, खरं सांगून राहिलो. मंग मी कायले खोलून बसलो? बाबाचा हुकूम आहे. गिऱ्हाईक येऊन राहिलं, धूर बंद कर. धूर बंद झाला का ट्रक जाईन, ट्रक गेला का तू शाळेत जाशीन — असं गणित आहे त्याचं. ट्रकची अडचण नाही त्याले, काकाजी, माझी आहे. पोट्ट्याच्या बुडाखालून ट्रक काढला का पोट्टा आपोआप बेंचवर जाऊन पडन, असं त्याले वाटते. तुमाले सांगतो, ठेकेदार मातीकाम अर्धवट टाकून पळाला, तेव्हा मजुरीच्या बदल्यात हा खटारा बाबाच्या गळ्यात पडला. बाभळीखाली पडून होता, सीटमधी मुंगसानं घर केलं होतं. मी उभा केला याले. एक एक पुर्जा धुवून, कुठून कुठून मागून आणून, हातानं — बरं, जाऊ द्या. खटाराच आहे. नका घेऊ.

हे? हे इंजेक्टर. सहा सिलिंडर, सहा इंजेक्टर. डिझेलची पिचकारी समजा, पण बारीक, सकाळच्या धुक्यासारखी. अन् याच्या बुडाशी तांब्याचा वायसर बसते, अंगठीएवढा. सारी इज्जत त्या वायसरवर. तो नीट बसला नाही का सिलिंडरातला जाळ बाजूनं निघते, फुस् फुस् करते, काजळी धरते, ताकद जाते. आता बुढे हे काम कसं करते ते सांगतो. आमच्या मजुराईच्या लायनीत, चार घरं सोडून, धोंडबा मिस्त्री आहे — मिस्त्री असं तोच म्हणते. तो आधी बिडी पेटवते, मंग सब्बल मागते. सब्बल, काकाजी, खड्डे खोदाची लोखंडी पहार. इंजेक्टर काय झाडाचं खुंट आहे? एखादा वाकडा करते अन् म्हणते, गाडीच खराब आहे. आपण काही म्हटलं तं म्हणते, मी तुझ्या बापाच्या वयाचा आहो. वयानं नट सुटते का? मी कसं करतो पाहा. आधी ब्रश अन् घासलेट घेऊन आजूबाजूची माती धुतो, कावून का वरची माती खाली भोकात पडली तं सिलिंडर गेला. मंग पाइप सोडतो, पाइपच्या तोंडाले साफ कपडा बांधतो. मंग हे दोन नट — एकच पुरा नाही सोडाचा, थोडा इकडचा, थोडा तिकडचा. मंग बुडाशी घासलेट सोडाचं अन् वाट पाहाची. वाट पाहाणं कोणत्याच बुढ्याले जमत नाही, अन् म्हणते पोट्ट्याईलेच दम नाही. भिजला का असा इकडं-तिकडं, इकडं-तिकडं, झोपलेल्या लेकराच्या हातातून खुळखुळा काढल्यासारखा — आला पाहा. हात नका लावू जी, धोतर वाचवलं तं आता बोटं काळी कराची आहेत का?

तुमी म्हणान, एवढं डोकं आहे तं शाळा कावून सोडली. सगळेच म्हणते. मी मास्तरले एकच गोष्ट विचारली होती. तिकडं कारखान्यात लोखंडाच्या भट्टीत हवा फुकते न, ती आधी तापवून कावून फुकते, थंडी फुकली तं काय होते? मास्तर म्हणे, पुस्तकात आहे का? नाही म्हटलं. म्हणे, हात पुढं कर. दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. बाबा त्या दिवशी जेवला नाही. मारलं असतं तं परवडलं असतं, पण तो मारत नाही, भाषण देते. सोता दोन बुकं शिकला तो. कोणी फर्राटेदार सही केली का त्या सहीकडे असा पाहाते, जसा मी चालत्या इंजनाकडे पाहातो.

बरं, आता हा तिसरा. तुमी आले तेव्हा मी हाच हातात घेऊन बसलो होतो. याच्या खालून काय निघालं? हे. ओळखलं? भोकाचा पैसा. इंग्रजाच्या टायमाचा, आता चालत नाही तो. भोक कानसनं मोठं केलं अन् वायसर म्हणून घातला. हा काशासारखा कडक, दबत नाही. दबला नाही तं बंद कसा करन? सारा धूर याचाच. अन् मी येडा, पंप खोलला, फिल्टर धुतलं, टाकीत डोकं घालून पाहिलं, इंजेक्टर तेवढे सोडले — कावून का बाबा म्हणे, त्याले हात लावू नको, मी सोता नवे वायसर टाकून बसवले. मोठ्या माणसाचा शब्द. त्या शब्दापायी मी दिवसामांगं दिवस धूर खाल्ला.

हासू नका, पुढचं ऐका, खरी गंमत पुढंच आहे. हा पैसा मी ओळखतो. कडेले ही खाच पाहा. माझ्या आधीचे दोन लेकरं गेले मायचे. म्हणून मी झालो तं नाव चिंधू ठेवलं, म्हणजे काळाची नजर गेली तरी चिंधी समजून सोडून देईन. अन् हा पैसा काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधला, कोणी बदलू नये म्हणून खाच मारून घेतली. मंग छप्पन साली बाबा नागपूरले गेला, दीक्षा घेऊन आला. विजेसारखा आला, काकाजी. घरातले देव तळ्यात. माझ्या गळ्यातला दोरा सटकन तोडला, चिंधूचा विजयकुमार केला. आपल्या घरी थांबला असता तं बाबा कायचा? साऱ्या लायनीतल्या पोट्ट्याईच्या गळ्यातले, कंबरेचे दोरे तोडत फिरला, अन् बाया मांगून शिव्या देत. चांगलंच केलं, मी वाईट म्हणतच नाही. माझ्या दोस्ताईले तं लय आनंद झाला, तो दोरा खाजवे. आताही मरोद्यात हेच बोलून राहिला असन — गंडा नको, दोरा नको, डोकं वापरा. अन् त्याच माणसानं माझ्या गळ्यातला पैसा पाच वर्षं कुठं तरी लपवून ठेवला अन् तिसऱ्या इंजेक्टरखाली घातला. समोर निंबू-मिरची लटकवली असती तं सभेतल्या लोकाईले दिसली असती न. इंजनात कोण पाहाते?

सकाळी हा निघाला तेव्हाच विचारलं मी बाबाले. म्हणे, वायसर होता तो, एक कमी पडला होता. बरं, पडते कमी. पण मायचा पाणी भराचा फुटका तांब्याचा गुंड मोरीजवळ पडून आहे, मी त्याच्याच पत्र्याचे वायसर कापतो, हे त्याले माहीत आहे. मंग म्हणे, घाई होती. कायची घाई? बरं, घातला तं घातला, पण कानस घेऊन भोक मोठं करत बसाले टाइम होता, अन् पत्रा कापाले नव्हता? अंगात ताप होता त्याच्या तेव्हा. मी म्हटलं, झोप, मी करतो. नाही ऐकलं. चादर पांघरून इंजनावर वाकला होता, कावून का दुसऱ्या दिवशी मले एकट्याले ट्रक घेऊन राजहऱ्याले जाचं होतं, पयल्यांदाच एकट्याले, अन् तो —

...ते ग्रीस द्या इकडं. ते नाही, तो छोटा डबा.

हं. मले आताच सुचलं हे. तुमाले सांगता सांगता. तुमी काही म्हणू नका.

तं हा नवा वायसर. गुंडाचा पत्रा कापला, चुलीत लाल केला, पाण्यात टाकला, चर्र. लोखंड असं केलं तं कडक होते, तांबं नरम होते. नरम झालं म्हणजेच दबते, दबलं म्हणजेच बंद करते. भोकातली जुनी काजळी काडीले ग्रीस लावून काढाची, म्हणजे खाली पडत नाही, काडीले चिकटते. अन् वायसरले ग्रीसचं एक बोट, म्हणजे बसवताना घसरत नाही. पाहून घ्या, कामी पडन तुमाले — म्हणजे, घेतला तं. घेऊ नका म्हणून तं सांगूनच राहिलो.

आता एक खरं सांगू? तुमी तिकडून छत्री घेऊन येताना दिसले, तेव्हा मी हा पैसा परत घालणार होतो. कोणाले समजलं असतं? सुरू केला असता, भकाभक धूर, धोतरावर काजळी, तुमी सांजच्या गाडीनं गोंदियाले परत. ट्रक इथं, मी इथं. बाबाचाच पैसा, त्याच्याच हातानं घातलेला, माझ्या डोक्यावर काहीच नाही. घातलाही होता, काकाजी. नट कसाले गेलो तं पाना फिरेना. जाम नव्हता, माझाच हात फिरेना. माहीत असून खराब बसवाचं? मंग धोंडब्यात अन् माझ्यात काय फरक? काढला परत. अन् आता तं तुमाले सांगूनही बसलो. माय म्हणते ते खोटं नाही, समोर कोणी ऐकाले बसलं का माझं तोंडच सैल होते, त्याले कोणता वायसर बसत नाही.

चला, उठा, काम करा काही. वर चढा, सीटवर बसा. मी म्हणीन तेव्हा सेल्फ मारा. पाइप अजून पुरे कसले नाही मी, आधी आतली हवा निघाली पाहिजे — मारा. थांबा. बुडबुडे आहेत. मारा अजून. अजून... आता निघून राहिलं साफ डिझेल. थांबा, कसू द्या. हां. मारा आता, अन् एक्सिलेटरवर पाय नका दाबू जोरानं, तो काही विंचू नाही.

— — —

ऐकलं? काहीच बोलू नका, नुसतं ऐका. सहाही बोलून राहिले. मांगं पाहा, कुठं आहे धूर? दाखवा मले. हे साबणाचं पाणी टाकलं तिसऱ्याच्या बुडाशी, एक बुडबुडा येते का पाहा. नाही न? डोंगरगडचा चढाव? अहो, चढाव याले समजणारच नाही. फक्त ब्रेक मारताना स्टेअरिंग उजवीकडे जरासं धरा, डावं चाक आधी धरते. थंडीच्या दिवसात सुरू केल्याबरोबर पळवू नका, विडा खाऊन होते तंवर गरम होऊ द्या. अन् दुसऱ्या कोणाले हात लावू देऊ नका, सब्बलवाल्याले तं अजिबात नाही. कुरकुर वाटली तं एक कारड टाका, मी येतो गोंदियाले — काय? घेता?

मी तं नका घेऊ म्हटलं होतं.

हो, तेही खरं, तुमच्या डोळ्यासमोरच केलं मी. कोण नाही घेणार? मी घेतला असता. ...काय म्हणता, बाबाले सांग? काय सांगू? विकू नको म्हणून? हं. सांगाले काय, साऱ्या लायनीले तोंडावर सांगतो मी. धोंडब्याले सांगतो, त्या मास्तरलेही रस्त्यात धरून सांगितलं. बाबाले — नाही, बाबाले असं कधी सांगितलं नाही. तो भाषण देते न, मधात जागाच नसते. तुमीच म्हणा न त्याले, गाडी पसंत नाही आली. नाही? खोटं नाही बोलत तुमी? भलत्या टायमाले भेटले खरं बोलणारे. बरं. मंग मीच सांगतो. आजच सांगतो, येऊ द्या त्याले. म्हणीन, बाबा, शाळा गेली उडत, मी इथंच इंजनापाशी राहीन, ट्रक विकाचा नाही, मी चालवीन, मी कमवीन, अन् तो पैसा कोणापायी घातला तेही मले समजलं, तेव्हा आता वायसरच्या गोष्टी सांगू नको. असं तोंडावर. तुमी बसा अन् पाहाच —

आले. ते पाहा, सायकलवरून उतरून राहिले. खाली या तुमी आधी, त्याईच्या सीटवर नका बसू.

— हो बाबा. झालं. नाही, धूर नाही. — हो, हेच ते, गोंदियाचे. पसंत आहे म्हणते. — मी? नाही बाबा. काही नाही. मी काही बोलून नाही राहिलो.